सात त्रिक शून्य

१

दिगंबर आगट्यांचा एक चुकला.

एक म्हणजे अक्षरशः एक. दोन नऊ आकडी संख्यांचा गुणाकार त्यांनी भर सभागृहात, उजवा तळवा डोळ्यांवर ठेवून, मनातल्या मनात केला. परार्धाच्या घरातलं उत्तर खड्या आवाजात सांगितलं. आणि मागच्या पडद्यावर यंत्राचं उत्तर उमटलं, तेव्हा अगदी शेवटी एकाचा फरक निघाला. आगटे म्हणाले होते, शेवटी सातशे एकाहत्तर. पडद्यावर होतं सातशे सत्तर.

"अरेरे, एकानं चुकले!" कार्यक्रम भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष ध्वनिक्षेपकातून म्हणाले. आवाजात हळहळ होती, पण ती जरा जास्तच तालासुरात होती.

सदाशिव पेठेत माणूस हजारानं चुकला तर लोक विसरून जातात. एकानं चुकला तर जपून ठेवतात. कारण हजारानं चुकणारा आपल्यासारखाच असतो. एकानं चुकणारा इतके दिवस आपल्यापेक्षा वरचढ होता, आणि आता सापडला.

आगट्यांनी तळवा डोळ्यांवरून काढला, पण मागे वळून पडद्याकडे पाहिलं नाही. शाल खुर्चीवर ठेवली, चपला घातल्या आणि ते निघून गेले. त्यांच्या पत्नी सुहासिनीबाई शाल उचलून मागोमाग गेल्या.

तिसऱ्या रांगेत दीनानाथ सहस्रबुद्धे बसले होते. ते आगट्यांचे बालमित्र. मित्राच्या अपमानानं त्यांना इतकं भरून आलं, की घरी पोचेपर्यंत त्यांनी पडद्याचा फोटो अकरा व्हॉट्सॲप ग्रुपांवर पाठवला होता.

२

सहस्रबुद्धे वीज कंपनीच्या दक्षता पथकातून निवृत्त झालेले. मीटरमध्ये फेरफार करून वीज चोरणारे लोक पकडण्यात त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर पेठेतले लोक त्यांच्याकडे किरकोळ रहस्यं आणत: पहाटे जास्वंदी कोण तोडतं, जिन्यातला दिवा कोण काढून नेतं, वगैरे. सहस्रबुद्धे गुन्हेगार शोधून देत, आणि मग दोन्ही कुटुंबांचं बोलणं बंद होई.

पण आयुष्यात एक चोर त्यांना कधी पकडता आला नाही. तो म्हणजे आगटे. चौथीत मास्तरांनी पाढे विचारले, तेव्हा आडनावात हजार असलेला मुलगा तेराच्या पाढ्यात अडकला, आणि शेजारच्या आगट्यानं पावकी-निमकीसकट सगळं म्हणून दाखवून शाबासकी चोरली. तेव्हापासून आगट्यांचा प्रत्येक सत्कार सहस्रबुद्ध्यांनी जातीनं हजर राहून सोसला होता.

दोन दिवसांनी सकाळी ऋचा फाटक दारात उभी राहिली. कर्वेनगरमध्ये तिचे मण्यांच्या पाटीवर गणित शिकवण्याचे क्लास होते. त्या दिवशी सभागृहात लॅपटॉपवर तीच बसली होती.

"काका, लोक म्हणतायत मी काहीतरी केलं."

"केलंत का?"

"नाही हो! मी फक्त दोन्ही आकडे टाईप केले आणि बरोबरचं चिन्ह दाबलं. स्क्रीनवर सगळ्यांना दिसत होतं. पण आगटेकाका माझ्या क्लासला 'मण्यांची माळ जपणं' म्हणतात, मी त्यांच्यावर जळते, हे सगळ्यांना माहितीये."

"जळता का?"

"हो, अर्थातच." ऋचा म्हणाली. "पण जळणं वेगळं आणि चीटिंग वेगळं. पालक मुलांना काढून घेतायत, काका. आणि नऊ आकडी संख्या द्या असं मीच ओरडले होते. ते नेहमी सात आकडीच करतात ना, म्हटलं जरा दमवू. तर ते खूशच झाले! 'द्या की,' म्हणाले."

सहस्रबुद्ध्यांच्या पत्नी नंदाताईंनी चहा आणून ठेवला. "घ्या केस," त्या म्हणाल्या, "नाहीतरी दोन दिवस नुसते शीळ घालत फिरताय."

सहस्रबुद्ध्यांनी केस घेतली. त्यांचा हेतू स्वच्छ होता. या मुलीनं काही केलेलं नाही, यंत्र बरोबर आहे आणि दिगंबर आगटे खरोखरच, स्वतःच्या अकलेनं, कुणाच्याही मदतीशिवाय चुकला, हे त्यांना पुराव्यानिशी सिद्ध करायचं होतं.

३

आगट्यांच्या घरी त्यांना जे दिसलं, त्यावर त्यांचा विश्वास बसेना. आगटे जमिनीवर मांडी घालून मटार सोलत होते.

"अरे दिगंबर, तू?"

"ये, दिन्या." आगटे मान वर न करता म्हणाले. "बस. हिनं भाताला मटार आणलेत."

सुहासिनीबाई स्वयंपाकघरातून गुणगुणत बाहेर आल्या. केसांत अबोलीचा गजरा. सहस्रबुद्ध्यांनी त्यांना गुणगुणताना याआधी ऐकलं नव्हतं.

"या भावजी. काल आम्ही दोघं पर्वती चढून आलो. आणि आज तुळशीबागेत. ह्यांनी स्वतःहून विचारलं, ही साडी नवी का म्हणून. पाच वर्षं झाली तिला, पण विचारलं!"

त्या चहा टाकायला आत गेल्या. सहस्रबुद्धे खाली वाकले. "दिगंबर, खरं सांग. त्या दिवशी काय झालं?"

आगट्यांच्या हातातली शेंग थांबली.

"एक चुकला."

"तो कसा चुकला, तेच विचारतोय."

"दादाचं असंच सुरू झालं होतं, दिन्या. तुला आठवतो ना दादा? आधी वार चुकायला लागले. मग सण. मग मी." आगटे अगदी हळू बोलत होते. "मला वाटलं होतं आकडे तरी शेवटपर्यंत राहतील. त्या दिवसापासून मी मनात काही मांडूनच बघत नाही. मांडलं आणि चुकलं तर? डॉक्टरांची वेळ घेतलीय पुढच्या आठवड्यातली. हिला सांगू नकोस. ही फार आनंदात आहे."

मित्राची फजिती सहस्रबुद्ध्यांना हवी होती. मित्राची भीती त्यांनी मागितली नव्हती. विषय बदलायला ते मोठ्यानं म्हणाले, "नाहीतर यंत्रच चुकलं असेल!"

"यंत्राचं काय," आतून सुहासिनीबाईंचा आवाज आला, "ते दाखवायचं ते दाखवतं."

४

रात्रीचं जेवण झाल्यावर सहस्रबुद्ध्यांनी फोनवरचा तो फोटो पुन्हा उघडला. खरं तर नुसता चाखायला. दिवसभरात मनाला जो ओलावा आला होता, तो वाळवायला त्याहून चांगला उपाय नव्हता.

४१,२५,६३,८९७ × ३०,५१,२७,६४३

आणि त्याखाली: १,२५,८८,४६,४९,४७,८५,०४,७७०

आपणही हा गुणाकार कागदावर करावा आणि दिगंबर कुठे घसरला ती नेमकी पायरी शोधावी, असं त्यांच्या मनात आलं. हवं तर आठवडा लागू दे. त्यांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं, पेन्सिल घेतली आणि शाळेत शिकवलं होतं तशी उजवीकडून सुरुवात केली. वर सात, खाली तीन.

"सात त्रिक एकवीस," ते पुटपुटले. "एकविसाचा एक, हातचे दोन."

त्यांनी एक लिहिला आणि पुढच्या आकड्याकडे वळले. मग थांबले.

गुणाकार कितीही अवाढव्य असो, शेवटचा आकडा दोन्ही संख्यांच्या शेवटच्या आकड्यांवरूनच ठरतो. तो इथे ठरून गेला होता. तो एक होता. आठवड्याचं काम पहिल्या पायरीवरच संपलं होतं.

पडद्यावर शून्य होतं.

"नंदा," त्यांनी हाक मारली, "सात त्रिक किती?"

"एकवीस. का? झोपा आता."

सहस्रबुद्धे अंधारात आढ्याकडे बघत राहिले. त्या सभागृहात निवृत्त प्राध्यापक होते, अभियंते होते, बँकेतले लोक होते, गणिताच्या बक्षिसांनी घरं भरलेले लोक होते. तिसरीतल्या पोराला जमेल एवढी गोष्ट कुणीच का करून बघितली नाही? उत्तर त्यांना चांगलंच ठाऊक होतं, कारण तेही तिसऱ्या रांगेत बसले होते. जे उत्तर हवं असतं, ते कुणी तपासत नाही.

म्हणजे दिगंबर बरोबर होता. सहस्रबुद्ध्यांना फार वाईट वाटलं.

मग यंत्र खोटं का बोललं? आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, ते खोटं बोलणार हे कुणाला आधीपासून ठाऊक होतं का?

५

ते यंत्र म्हणजे संगणकावर चालणारा एक कॅल्क्युलेटर होता. नाव 'मोजदाद'. मराठी आकड्यांत उत्तर देतो आणि लाख-कोटींच्या जागी बरोबर स्वल्पविराम टाकतो, म्हणून मंडळानं अभिमानानं तो वापरला होता. तो केला होता आगट्यांच्या पुतण्यानं, आमोदनं.

आमोद हिंजवडीत कामाला. सहस्रबुद्धे सकाळी बसनं निघाले आणि पोचेपर्यंत वाहतुकीत इतका वेळ गेला, की संशयिताला पळून जायचं असतं तर तो परदेशात स्थायिक झाला असता. पण आमोद कंपनीच्या दारासमोरच्या टपरीवर वडापाव खात सापडला.

"काका, प्लीज, हळू बोला," तो म्हणाला. "फोटो बघितल्या बघितल्या मला कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

आमोदनं लॅपटॉप उघडला, तेच दोन आकडे टाकले. शेवटी ७७०. मग त्यानं ते उत्तर उचलून दुसऱ्या एका कोऱ्या पानावर चिकटवलं. शेवटी ७७१.

"आत उत्तर करेक्ट आहे. प्रत्येक आकडा. फक्त स्क्रीनवर स्वल्पविराम टाकताना मी एक शॉर्टकट मारला, त्यात पंधरा-सोळा आकड्यांपर्यंत सगळं ठीक चालतं. त्याच्या पुढे गेलं की शेवटच्या आकड्यांचा अंदाजपंचे घोळ होतो. नुसता डिस्प्लेचा बग आहे, काका. गणिताचा नाही."

"म्हणजे मीटरचं चाक बरोबर फिरतंय, खिडकीत आकडा चुकीचा येतोय."

"एक्झॅक्टली!"

"मग इतके दिवस तोंड शिवलं होतं का? तिकडे तुझा काका वेड लागेल या भीतीनं मटार सोलत बसलाय!"

आमोद पायांकडे बघू लागला. "माझ्या शेजारच्या टेबलवरच्या मुलीनं पण कॅल्क्युलेटर केलाय. तिच्या ॲपचं सगळे कौतुक करतात. माझा सदाशिव पेठेत पडद्यावर दिसला, तेव्हा पहिल्यांदा ती माझ्यावर जळली. मग मी कसं सांगू? आणि काका एवढं मनाला लावून घेतील असं वाटलं नव्हतं, शपथ." तो घुटमळला. "शिवाय मला हा बग दिवाळीतच कळला होता. म्हटलं, एवढे मोठे आकडे कोण बघतंय? राहिलंच ते."

"कळला होता? कुणी सांगितला?"

आमोदनं वडापावचा कागद चुरगळला.

"काकूनं."

६

दुसऱ्या दिवशी दुपारी आगटे कोथिंबीर आणायला गेले आहेत, हे बघूनच सहस्रबुद्धे वर चढले. सुहासिनीबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि समोर बसल्या.

"हिंजवडीला जाऊन आलात म्हणे."

"आमोदनं फोन केला वाटतं."

"तो माझ्या हाताखाली वाढलाय. पोटात काही ठेवत नाही. बोला."

"वहिनी, पेठेतला प्रत्येक माणूस म्हणत होता, यंत्रानं सातशे सत्तर सांगितलं. यंत्र म्हणालं, यंत्रानं काढलं. तुम्ही एकट्या म्हणालात, यंत्र दाखवतं. तीस वर्षं मीटरं तपासली मी. हा फरक ज्याला ठाऊक असतो, त्यानं खिडकी उघडून आत बघितलेलं असतं."

सुहासिनीबाई हसल्या. "आणि काय काय काढलंत?"

"ऋचानं नऊ आकडी मागितल्यावर दिगंबर घाबरला नाही, खूश झाला. म्हणजे घरी सराव चालू होता. सराव म्हटला की उत्तर तपासणारं कुणीतरी हवं. तो स्वतः काही यंत्राला हात लावत नाही."

"रोज सकाळी," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून. चहाआधी दोन गुणाकार. पूर्वी मी कागदावर तपासायचे, मग आमोदनं हे यंत्र आणून दिलं. दिवाळीत ह्यांनी नऊ आकडी सुरू केले आणि शेवटचे आकडे जुळेनात. मी ते हातानं करून बघितले, तर बरोबर हेच. यंत्र वेडं. आमोदला सांगितलं. ह्यांना कशाला सांगायचं? मी 'बरोबर' म्हणायचे, हे चहा प्यायचे."

"आणि त्या दिवशी सभागृहात?"

"त्या दिवशी मी पण 'बरोबर' म्हणणार होते, भावजी. उभी राहत होते. तेवढ्यात ह्यांनी डोळ्यांवरचा हात काढला आणि समोर बघितलं. माझ्याकडे. म्हणजे नेहमीसारखं माझ्या पलीकडच्या आकड्यांकडे नाही. माझ्याकडे." त्यांनी गजरा चाचपला. "दुसऱ्या बायकांना सवत असली तर एकच असते. माझ्या सवती मोजायला आकडे पुरत नाहीत. सिनेमाला गेलो तर हे गाड्यांच्या नंबरांचे गुणाकार करतात. बाळंतपणात दवाखान्यात आले ते खाटांचे नंबर बघत. मी काही केलं नाही हो. मी फक्त गप्प बसले. बायको गप्प बसली तर गुन्हा होतो, हे पुण्यात मी पहिल्यांदा ऐकतेय."

सहस्रबुद्ध्यांच्याही मनात नेमका तोच विचार आला होता. गप्प बसायचं. बस्स. आमोद बोलणार नाही. सुहासिनीबाई बोलणार नाहीत. आगटे जन्मभर एकानं चुकलेले राहतील, आणि ते आपण स्वतः केलेलं नसेल. सत्तरीला टेकल्यावर देव एवढं आयतं ताट वाढतो का कधी?

"ऋचाचे क्लास बंद पडतील," ते कसंबसं म्हणाले.

"तिचं मी बघते. मंडळात जाऊन सांगेन, पोरीचा दोष नाही म्हणून. ह्यांना मात्र अजून थोडे दिवस राहू द्या माझ्याकडे." सुहासिनीबाईंचा आवाज पहिल्यांदा हलला. "तुम्हाला तरी कुठे हवंय भावजी, त्यांचं बरोबर असणं?"

जिन्यात पावलं वाजली. आगटे कोथिंबिरीची जुडी घेऊन आत आले. सहस्रबुद्ध्यांना बघून त्यांनी ती उगाचच पाठीमागे लपवली.

आणि सहस्रबुद्ध्यांच्या तोंडून निघून गेलं, "दिगंबर, सात त्रिक किती रे?"

आगटे उभे होते तिथेच थांबले. चेहरा उतरला. नजर एकदा खिडकीकडे गेली, एकदा जमिनीकडे. ओठ हलले, पुन्हा मिटले.

"एकवीस," ते म्हणाले. मग हळूच, "ना?"

त्या 'ना'नं खोली थिजली. हा माणूस परार्धाच्या घरातली उत्तरं भिंतीवर खिळा ठोकल्यासारखी सांगायचा. उत्तरामागे त्यानं उभ्या आयुष्यात कधी 'ना' लावलं नव्हतं. सहस्रबुद्धे बोलायला उठले, पण सुहासिनीबाई त्यांच्याआधी उठल्या होत्या.

"अहो, ना काय? एकवीसच," त्या म्हणाल्या. "आणि त्या दिवशीही तुमचं बरोबर होतं. शेवटी एकच होता. यंत्र चुकीचं दाखवतं. मला दिवाळीपासून ठाऊक होतं. मी सांगितलं नाही."

आगट्यांनी कोथिंबीर खाली ठेवली. डोळ्यांवर तळवा धरला. सभागृहात लागला होता त्याहून कितीतरी जास्त वेळ गेला. मग तळव्याखालून ते हलक्या आवाजात आकडे म्हणू लागले, डावीकडून उजवीकडे, एकेक जोडी. "…पंच्याऐंशी, शून्य चार, सातशे एकाहत्तर." तळवा काढला तेव्हा तो ओला होता.

"आहे," ते म्हणाले. "सगळं आहे जागच्या जागी."

मग आगटे बायकोकडे वळले.

"तुला माहीत होतं. आणि तू मला मटार सोलायला बसवलंस."

"हो."

"का?"

"मला त्यांचा मत्सर वाटतो."

"कुणाचा?"

"आकड्यांचा."

सहस्रबुद्ध्यांनी मनातल्या मनात दार किती पावलांवर आहे याचा अंदाज घेतला. असल्या प्रसंगी तिसऱ्या माणसानं निघून जावं हे उत्तम. पण त्यांचे पाय हलेनात, कारण दिगंबर आगट्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिथे हळूहळू काहीतरी पसरत होतं, आणि ते ओळखायला त्यांना क्षणभर लागला. तो आनंद होता. ओशाळा, बावळट, विशीतल्या पोराच्या चेहऱ्यावर शोभेल असा.

"माझ्यावरून?" आगटे म्हणाले. "इतकी वर्षं? तू जळत होतीस, माझ्यावरून?"

"ओरडू नका, खाली ऐकू जातं," सुहासिनीबाई म्हणाल्या, आणि लाजल्या.

७

डॉक्टरांची वेळ रद्द झाली. मंडळानं दिलगिरीचा फलक लावला. त्यात शुद्धलेखनाची चूक होती आणि ती त्याच संध्याकाळी कुणीतरी तांबड्या शाईनं सुधारली. आगटे कर्वेनगरला ऋचाच्या क्लासमध्ये जाऊन बसले आणि सगळ्या पालकांसमोर म्हणाले, की या मुलीनं मागितले नसते तर नऊ आकडी मी कधी लोकांपुढे केलेच नसते. मग मण्यांच्या पाटीबद्दल एक टोमणा त्यांनी मारलाच, पण तो बराच सौम्य होता. आमोदनं यंत्र दुरुस्त केलं. सकाळचे गुणाकार आता चहानंतर होतात, असं ऐकिवात आहे.

सहस्रबुद्ध्यांचं नाव पेठेत गाजलं. आगट्यांची अब्रू वाचवणारा मित्र म्हणून भेटेल तो त्यांची पाठ थोपटू लागला, आणि प्रत्येक थाप त्यांना चांगलीच लागली. त्यांच्या मनाला खरी टोचणी मात्र भलत्याच गोष्टीची होती. पाढे, शाबासक्या, शाली, सत्कार, हे सगळं दिगंबरजवळ आहे हे त्यांनी एकवेळ पचवलं असतं. पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर, ज्याच्यावरून बायको अजून जळते असा नवरा?

त्या दिवशी जेवताना त्यांनी आमटीत भात कालवला, पुन्हा कालवला, आणि शेवटी विचारलंच.

"नंदा, मी आयुष्यभर मीटरांच्या मागे फिरलो. दिवस दिवस बाहेर असायचो. तुला कधी त्या मीटरांचा मत्सर वाटला?"

नंदाताईंनी वाढता वाढता हात थांबवला. प्रश्न गंभीरपणे विचारलाय हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी तितक्याच गंभीरपणे विचार केला.

"मत्सर कसला?" त्या म्हणाल्या. "मला त्यांची कीव यायची."